ठेका कुणाचा?

मागच्या वर्षीच्या गॅदरिंगला आपल्या हॉस्टेलच्या ग्रुपचा डान्स झाला होता, आठवतंय का? सुरुवातीला नुसता पियानो, मग एकदम पखवाज, आणि त्याच्याखाली खोल बेस... पुढच्या रांगेतल्या एक-दोन सरांनीसुद्धा पायाने ताल धरला होता. ते म्युझिक मी केलं होतं. निवेदकाने माझं नाव घेतलं, पत्रिकेतही माझंच नाव छापलं होतं, आणि पुढचे आठ दिवस मेसमध्ये पोरं मला 'डीजे' म्हणून हाका मारत होती. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

फक्त त्यातला पखवाज मी वाजवला नव्हता. तो माझ्या रूममेटने वाजवला होता, आमच्याच खोलीत बसून. त्याचं नाव निवेदकाने घेतलं नाही, कारण मी ते सांगितलंच नव्हतं. मुद्दाम लपवलं असंही नाही, डोक्यातच आलं नाही. दोन दिवसांनी जर्नल लिहिता लिहिता तो सहज म्हणाला, "चांगलं झालं रे. पण तो पखवाज कुठून डाऊनलोड केलाय, असं मला तिघांनी विचारलं."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, मिटलं असतं. तो हसत होता. तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, आणि यंदा मासिकाच्या मराठी विभागासाठी लेख मागितले तेव्हा वाटलं की लिहायचं तर यावरच लिहावं. (शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे माझं शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

आधी ते म्युझिक काय आहे ते सांगतो, कारण त्याबद्दल हॉस्टेलमध्ये फार गैरसमज आहेत. कॉरिडॉरमध्ये त्याला 'धडधड' म्हणतात. रेक्टर सर म्हणतात, "तुझं ते डॉल्बी बंद कर." आता डॉल्बी म्हणजे काय ते साताऱ्या-सांगलीकडे कुणाला सांगायला नको. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत आणि पुढच्या घरांच्या काचा थरथरतायत. मी ऐकतो ते त्या जातीचं नाही. त्याचं नाव लिक्विड ड्रम अँड बेस.

ड्रम अँड बेस हा प्रकार १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लंडन-ब्रिस्टलकडे तयार झाला. लय मिनिटाला १७० ते १७५ ठोके. म्हणजे १७४ धरली तर एका ठोक्याला ०.३४५ सेकंद. ऐकायला भयंकर वाटतं, पण गंमत पुढे आहे. ड्रम्स या गतीने धावत असतात, आणि वरची गाण्याची ओळ, पियानो, बेस हे सगळं बरोबर निम्म्या गतीने, ८७ ने चालत असतं. ८७ म्हणजे आपण मेसकडून हॉस्टेलकडे पोट भरल्यावर जसे चालतो तेवढीच गती. लिक्विड म्हणजे त्यातला मऊ प्रकार. त्यात जॅझमधले स्वरमेळ असतात, सोल गाण्यातले आवाज असतात, सॅक्सोफोन किंवा ऱ्होड्स पियानो असतो. मी लहानपणी पियानोच्या परीक्षा दिल्यामुळे मला ते स्वरमेळ लगेच ओळखीचे वाटले. ड्रम्स मात्र बरेच दिवस कळत नव्हते. मी चार-चार मोजायचो आणि मध्येच हुकायचो.

ते मला कळवलं ते रूममेटने. तो लोणंद रस्त्यावरच्या एका गावचा. घरात वारी आहे, वडील आणि काका दिंडीत, आणि हा सातवी-आठवीपासून गावच्या भजनात पखवाज वाजवतो. पहिल्या वर्षी आम्ही दोघं एकमेकांचं म्युझिक सहन करायचो, एवढंच. एका रात्री सबमिशनच्या घाईत मी कॅलिबरचा एक ट्रॅक लावला होता. (कॅलिबर म्हणजे बेलफास्टचा डॉमिनिक मार्टिन. त्याचा 'म्युझिक कॉन्क्रेत' हा अल्बम २००१ चा.) हा ड्रॉइंग शीटवर वाकलेला, पेन्सिल थांबवून म्हणाला, "अरे, ही तर दुगुन आहे. गाणारा ठायीत चाललाय आणि वाजवणारा दुगुणीत. एवढंच ना?"

एवढंच! मी दोन वर्षं जे इंग्रजीत वाचत होतो ते त्याने एका ओळीत सांगितलं. मग त्याने टेबलावर बोटांनी सम दाखवली. सगळे चार ठोके मोजायचे नाहीत, एक समेचा ठोका पकडायचा आणि बाकीचे वाहू द्यायचे. त्या रात्रीपासून मी हुकलो नाही.

आता या प्रकारातल्या रेकॉर्ड्सविषयी थोडं, कारण कुणाला ऐकावंसं वाटलं तर सुरुवात कुठून करायची ते माहीत असावं. एलटीजे ब्युकेम या माणसाने १९९१ मध्ये 'गुड लुकिंग' नावाची कंपनी काढली. १९९६ मध्ये तिचं 'लॉजिकल प्रोग्रेशन' हे संकलन आलं, त्यात पुढच्या सगळ्या लिक्विडचं बी आहे. 'लिक्विड फंक' हे नाव रूढ केलं फॅबिओ या डीजेने, २००० च्या सुमाराला, जेव्हा बाकीचं ड्रम अँड बेस फारच खडखडीत आणि अंधारं झालं होतं तेव्हा. त्याच सुमाराला लंडनच्या 'हॉस्पिटल रेकॉर्ड्स'ने (स्थापना १९९६) कार्डिफच्या हाय कॉन्ट्रास्टचा 'ट्रू कलर्स' काढला, २००२ मध्ये. त्याच वर्षी ब्राझीलच्या साओ पाउलोहून डीजे मार्की आणि एक्सआरएस यांचा 'एलके' आला आणि इंग्लंडच्या पहिल्या वीस गाण्यांत जाऊन बसला. त्यात जॉर्जी बेन आणि तोकिन्यो यांच्या जुन्या ब्राझिलियन गाण्याची गिटार आहे. जपानचा माकोतोही ऐका, 'ह्यूमन एलिमेंट्स', २००३. अर्थात सगळं लिक्विड चांगलं असतं असं माझं म्हणणं नाही. निम्मं तर इतकं गुळगुळीत असतं की मॉलच्या लिफ्टमध्ये वाजवलं तरी कुणी मान वळवून बघणार नाही. पण उरलेलं निम्मं जिवाला लागतं.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. या सगळ्या रेकॉर्ड्समध्ये ड्रम्स कोण वाजवतं?

बहुतेक वेळा कुणीच नाही. म्हणजे स्टुडिओत कुणी ड्रमर बसलेला नसतो. जुन्या रेकॉर्डवरून ड्रम्सचा एक तुकडा उचलायचा, कापायचा, त्याची गती वाढवायची, तुकडे पुढे-मागे जोडायचे. याला सॅम्पलिंग म्हणतात. आणि या सगळ्या जगात सर्वात जास्त उचलला गेलेला तुकडा बहुधा 'अमेन ब्रेक' हाच असेल. १९६९ मध्ये अमेरिकेत द विन्स्टन्स नावाच्या बँडची एक छोटी रेकॉर्ड निघाली. पुढच्या बाजूचं गाणं गाजलं, त्याला ग्रॅमी मिळालं. मागच्या बाजूला 'अमेन, ब्रदर' नावाचा एक वाद्यसंगीताचा तुकडा होता, बाजू भरायला टाकावा तसा. त्यात मध्येच बाकीचे सगळे थांबतात आणि ड्रमर एकटा चार बार वाजवतो. मूळ लय मिनिटाला साधारण १३७ ठोके, चार बारांचे सोळा ठोके, म्हणजे हिशेब करा, सुमारे सात सेकंद. शेवटच्या दोन बारांत स्नेअरचा ठोका जिथे यायला हवा तिथून किंचित पुढे सरकतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचा तोल जातो आणि पुन्हा सावरतो. त्या सात सेकंदांत जे काही आहे ते यातच आहे.

१९८६ मध्ये हा तुकडा डीजे लोकांसाठीच्या एका संकलनात पुन्हा छापला गेला. आधी अमेरिकेतल्या रॅपवाल्यांनी तो घेतला, मग इंग्लंडच्या पोरांनी. १३७ वरून १७४ ला न्यायचा म्हणजे रेकॉर्ड १.२७ पट वेगाने फिरवायची. नुसता वेग वाढवला तर स्वरही चढतो, साधारण चार पट्ट्या. हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत पांढरी एकचं पांढरी तीन. म्हणून त्या रेकॉर्डमधले ड्रम्स तसे टणक आणि बारीक ऐकू येतात. हजारो गाण्यांमध्ये हा तुकडा आहे. ड्रम अँड बेस या अख्ख्या प्रकाराचा पायाच त्यावर घातलाय म्हटलं तरी चालेल.

तो वाजवणाऱ्याचं नाव ग्रेगरी कोलमन. ऐकलंय कधी? मीही ऐकलं नव्हतं, आणि मी हे म्युझिक चार वर्षं रोज ऐकतो. त्याला त्या सात सेकंदांचा एक पैसाही मिळाला नाही. २००६ मध्ये तो अटलांटात वारला तेव्हा त्याच्याकडे राहायला घर नव्हतं असं त्याच्या बँडच्या प्रमुखाने, रिचर्ड स्पेन्सरने, नंतर सांगितलं. स्पेन्सरलाही हा सगळा प्रकार १९९६ पर्यंत माहीतच नव्हता. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या काही लोकांनी वर्गणी काढून स्पेन्सरला २४ हजार पौंड दिले. चांगलंच केलं. पण तोवर कोलमनला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

असाच दुसरा क्लाइड स्टबलफिल्ड. जेम्स ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर'वर (१९७०) त्याचा हात आहे. तोही हजार ठिकाणी उचलला गेला, त्यालाही रॉयल्टी नाही. २०१७ मध्ये तो गेला. बरं, या दोघांबद्दल 'बिच्चारे' म्हणून गप्प बसणं सोपं आहे, कारण ते लांबचे. म्हणून जरा जवळ येतो.

मुंबईत १९३० नंतर ताजसारख्या हॉटेलांत अमेरिकन जॅझवाले येऊन वाजवत होते आणि त्यांच्या जोडीला, नंतर त्यांच्या जागी, गोव्याची मंडळी आली. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये स्वरलेखन शिकवत, त्यामुळे ही माणसं नोटेशन वाचायची आणि लिहायची. हिंदी सिनेमाला नेमकं तेच हवं होतं. आपले सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांनी १९५१ च्या 'अलबेला'त जो झकास पाश्चात्त्य बाज आणला, त्यात चिक चॉकलेट या ट्रम्पेटवाल्याचा मोठा वाटा. त्याचं खरं नाव अँटोनियो झेवियर व्हाझ, गाव हळदोणे. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्यासाठी वाद्यवृंदाची रचना करायचे. अँथनी गोन्साल्विस मजोर्ड्याचे. प्यारेलाल त्यांचे शिष्य. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त या गुरूच्या नावाचं गाणं आलं आणि नाव घराघरात पोचलं, पण लोकांना वाटलं ते अमिताभच्या पात्राचंच नाव! खरे अँथनी गोन्साल्विस २०१२ पर्यंत हयात होते. पडद्यावर बहुतेक वेळा एका संगीतकाराचं नाव यायचं, फार तर खाली बारीक अक्षरांत 'सहायक'. ट्रम्पेट कुणी वाजवला, ड्रम्सवर कोण होतं, हे विचारायचंच नाही.

म्हणजे लंडनच्या त्या पोरांनी काही नवीन पाप केलं नाही. हात एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, ही पद्धत आपल्याकडे आधीपासून आहे, आणि मी गॅदरिंगला तिचंच पालन केलं.

याच्या उलट एक गोष्ट मला सापडली आणि ती माझी फार आवडती आहे. शोभा गुर्टू हे नाव घरातल्या मोठ्यांना माहीत असेल. ठुमरी-दादऱ्यातलं केवढं तरी मोठं नाव. जन्म बेळगावचा, १९२५. माहेरचं नाव भानुमती शिरोडकर. आई मेनकाबाई शिरोडकर स्वतः गायच्या-नाचायच्या. शोभाताईंना २००२ मध्ये पद्मभूषण मिळालं, २००४ मध्ये त्या गेल्या. त्यांचा मुलगा त्रिलोक, जन्म मुंबईचा, १९५१. तो आधी तबला शिकला, मग जॅझकडे वळला आणि युरोपात गेला. त्रिलोक गुर्टू ड्रम्स वाजवतात ते स्टुलावर बसून नाही. जमिनीवर गुडघ्यावर बसतात, पायाने बडवायचा मोठा ड्रम नसतोच, एका बाजूला तबला, एका बाजूला झांजा, आणि शेजारी पाण्याची बादली. घंटा वाजवून ती पाण्यात बुडवली की तिचा स्वर वाकतो. (फिजिक्सवाल्यांनी यावर एक सेमिनार द्यायला हरकत नाही.) जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं वाजवलं.

१९८८ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड आली, 'उस्फ्रेत'. त्यात डॉन चेरीचा ट्रम्पेट आहे, राल्फ टाउनर आहे, एल. शंकरचं व्हायोलिन आहे, आणि गायला कोण, तर आई! ठुमरी गाणारी बाई, वय साठीच्या पुढे, आणि भोवती सगळे जॅझवाले. पुढे दहा वर्षांनी लंडनमध्ये टॅल्विन सिंगने तबला आणि ड्रम अँड बेस एकत्र केलं. त्याच्या 'ओके' (१९९८) या अल्बमला १९९९ मध्ये मर्क्युरी पारितोषिक मिळालं. त्या पिढीवर 'उस्फ्रेत'चा परिणाम होता असं म्हणतात, आणि ऐकल्यावर मला ते पटतं. मला विचाराल तर 'ओके'पेक्षा 'उस्फ्रेत' जास्त भिडते. 'ओके'त तबला काही ठिकाणी शोभेला ठेवल्यासारखा वाटतो. 'उस्फ्रेत'मध्ये ठेका घरातला आहे. पण माझा मुद्दा वेगळाच आहे. या दोन्ही रेकॉर्ड्सवर ठेका धरणाऱ्याचं नाव वर, मोठ्या अक्षरांत आहे. ठेक्यावाल्याचीच रेकॉर्ड. कोलमनच्या वाट्याला जे आलं नाही ते इथे आहे.

याच्याही आधी, १९९७ मध्ये, ब्रिस्टलच्या रॉनी साइझ आणि रेप्रझेंट यांना 'न्यू फॉर्म्स'साठी तेच पारितोषिक मिळालं होतं. ते स्टेजवर जाताना खरा ड्रमर घेऊन जायचे, क्लाइव्ह डीमर. मशीनने कापून जोडलेले ठेके तो माणूस हाताने वाजवायचा. जे आधी माणसाच्या हातातून मशीनमध्ये गेलं ते मशीनमधून पुन्हा माणसाच्या हातात आलं. हे मी रूममेटला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग पहिल्यालाच बोलवायचं की." 

आता आमच्या खोलीतली गोष्ट. डान्सच्या ग्रुपला एंट्रीसाठी दीड मिनिटाचं काहीतरी हवं होतं. माझ्याकडे पियानो तयार होता, ठेका हवा होता. म्हटलं, अमेन ब्रेक सगळेच वापरतात, आपल्या शेजारच्या कॉटवर पखवाजवाला झोपलाय, त्याला उठवू. तो शनिवारी गावी गेला आणि रविवारी संध्याकाळी एसटीने पखवाज मांडीवर घेऊन आला. आल्या आल्या म्हणाला, कणीक आण. मला वाटलं भूक लागली असेल. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, कणकेचा गोळा थापावा लागतो, हे मला काय माहीत! मेसच्या काकांनी एक गोळा दिला आणि वर "पोळ्या कमी पडतील हां" असंही ऐकवलं. तो गोळा थापल्यावर धूम अशी घुमायला लागली की पलंगाखालची ट्रंक वाजायला लागली. पडद्याचं वस्तुमान वाढवलं की कंपनसंख्या उतरते, हे आपण पहिल्या वर्षी शिकलो. त्याचे आजोबा परीक्षा न देता तेच करायचे. आम्ही ज्याला बेस म्हणतो आणि ज्यासाठी दहा-दहा हजारांचे स्पीकर घेतो तो एका पोळीच्या कणकेत होता.

आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर दोन गोधड्या टांगल्या, फोन स्टुलावर ठेवला आणि त्याने भजनी ठेका वाजवला. पहिले काही प्रयत्न मीच बिघडवले, 'अजून फास्ट, अजून फास्ट' म्हणून. शेवटी तो म्हणाला, "तू गप्प बस, मी माझ्या लयीत वाजवतो, तुला काय वाढवायचं ते कॉम्प्युटरवर वाढव." त्यातली दोन आवर्तनं मी कापली, १७४ ला नेली, उलटसुलट जोडली. त्याला ऐकवलं तर हसून म्हणाला, "हा कोण वाजवतोय? माझा हात एवढा चालत नाही." मीही हसलो. आणि पुढे गॅदरिंगला काय झालं ते वर लिहिलंच आहे.

लेख लिहायला घेतल्यावर मी त्याला विचारलं, की बाबा, तुला राग आला होता का? त्याचं उत्तर मला पटकन कळलं नाही, म्हणून जसंच्या तसं देतो. "दिंडीत कुणी पखवाजवाल्याचं नाव पुकारतं का? माझ्या चुलत्यांनी कित्येक वर्षं वाजवलं, कुणी पत्रिका छापली नाही. तिथं वाजवायचं ते माउलीसाठी. पण तिथं माझं नाव नसतं, तसं दुसऱ्याचंही लावत नाहीत."

ज्यांनी तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण पाहिलंय किंवा पालखी फलटणला मुक्कामाला आल्यावर रात्री तळावर फेरी मारलीय, त्यांना हे लगेच कळेल. शेकडो टाळ, मध्ये पखवाज, आणि कुणाचंच नाव नाही. ते निनावी राहणं त्यांनी आपणहून घेतलेलं असतं. मी त्याला जे दिलं ते निनावी राहणं वेगळं. मी जागा रिकामी ठेवली नाही, तिथे माझं नाव लिहिलं.

काही मित्र म्हणतील, मग सॅम्पलिंग म्हणजे चोरीच, बंद करा. मला हे पटत नाही. गाणारे लोक दुसऱ्याची बंदिश गातातच की. त्यावर स्वतःचं काहीतरी उभं करतात. पण गुरूचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावतात. अभंग तर गावोगावी, वेगवेगळ्या चालींत, शेकडो वर्षं लोक गातायत, कुणी कुणाला विचारत नाही, तरी प्रत्येक अभंगाच्या शेवटी 'नामा म्हणे' किंवा 'तुका म्हणे' असतंच. चाल बदला, ठेका बदला, डॉल्बीवर लावा, नाव त्याच्या आतच शिवलेलं आहे, काढता येत नाही. कोलमनच्या सात सेकंदांत असं काही शिवायला जागा नव्हती. ती जागा घेणाऱ्याने करायची असते.

आणि ज्यांना भावनेपेक्षा नियम जवळचा वाटतो त्यांच्यासाठी: आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ पासून वादकाचा स्वतःचा हक्क आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वादनावर आपलं नाव असावं असं म्हणण्याचा हक्कही त्याला आहे. गॅदरिंगच्या डान्सवरून कुणी कोर्टात जाणार नाही हे मलाही कळतं. पण आपण इंजिनीअरिंगवाले रेफरन्स द्यायला एवढे का कचरतो? सीनियरचं जर्नल छापतो, प्रोजेक्टचा कोड कुणाचा तरी उचलतो, आणि शेवटच्या पानावर रेफरन्स म्हणून चार पुस्तकांची नावं टाकतो, जी लायब्ररीतून कधी काढलेलीच नसतात. ज्याने रात्री तीनपर्यंत बसून तुमचा प्रोग्रॅम चालवून दिला, त्याचं नाव तिथे असतं का? त्याला फार तर वडापाव मिळतो.

माझं मागणं फार मोठं नाही. यंदाच्या गॅदरिंगच्या पत्रिकेत प्रत्येक कार्यक्रमाखाली वाजवणाऱ्यांची नावं असावीत. हलगी कुणाची, कीबोर्डवर कोण, ट्रॅक कुठला आणि त्यातला ठेका कुणाचा. इंटरनेटवरून घेतला असेल तर ज्याचा आहे त्याचं नाव. निवेदकाला जड जाईल, वेळ जाईल, हे सांस्कृतिक समितीचं म्हणणं मला आधीच कळलंय. प्रमुख पाहुण्यांच्या परिचयात जेवढा वेळ जातो त्याच्या दहाव्या हिश्शात ही नावं होतील. आणि रेक्टर सरांना विनंती, की आठवड्यातून एक संध्याकाळ कॉमन रूममध्ये तासभर ऐकायला परवानगी द्यावी. रात्री दहाच्या आत, टीव्हीच्या आवाजाएवढ्याच आवाजात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबलची मर्यादा आहे; आपण मीटर लावून बसू, इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबमध्ये एक आहे. लिक्विड तेवढ्यात उत्तम ऐकू येतं. पहिल्या दिवशी 'अमेन, ब्रदर' लावायचं आणि पाठोपाठ 'उस्फ्रेत'.

मागच्या वर्षीच्या त्या ट्रॅकची फाइल माझ्याकडे अजून आहे. काहींनी ती माझ्याकडून घेतली होती, त्यांनी ती काढून टाकून नवी घ्यावी. नव्या फाइलच्या नावात आधी पखवाज वाजवणाऱ्याचं नाव आहे, मग माझं.

या लेखात त्याचं नाव नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी विचारलं होतं. तो म्हणाला, "लेख तू लिहिलायस, त्यात माझं काय? पखवाज जिथं वाजेल तिथं घे." यंदा तो वाजवणार आहे, या वेळी स्टेजवर बसून, धुमेला कणीक लावून. त्यामुळे पत्रिका छापायला जायच्या आधी मला एकदा प्रूफ दाखवावं, एवढं सांस्कृतिक प्रतिनिधींनी लक्षात ठेवावं. मेसच्या काकांना मी सांगून ठेवलंय.